खुडूक कोंबडी आणि एकवीस दिवसांची जागा

दसरा-दिवाळीच्या सुमारास मांजरसुंब्याच्या फाट्यावर तासभर उभे राहावे. बीडहून घाट चढून आलेला धुळे-सोलापूर महामार्ग, एका अंगाने पाटोद्याचा रस्ता आणि दुसऱ्या अंगाने नेकनूर-केजचा रस्ता येथे एकत्र येतात. हॉटेलांसमोर सीताफळांच्या पाट्या मांडलेल्या असतात, एस.टी.ची वाट पाहणारे झाडाखाली बसलेले असतात, आणि त्यांच्या समोरून ट्रॅक्टर जात असतात. ट्रॉलीत धान्याची पोती, तवा, परात, अंथरुणे, त्यांवर पोरेबाळे, एखादी शेळी. आणि सर्वांत वर, दोरीने बांधलेले एक डालगे. डालग्यात दोन-तीन कोंबड्या माना बाहेर काढून रस्ता पाहत असतात. बालाघाटावरचे ऊसतोड कामगार साखर कारखान्यांकडे निघालेले असतात.

घराला कुलूप लागते, म्हातारीला मागे ठेवले जाते, पोराची शाळा सुटते. पण बाई कोंबडी मागे ठेवत नाही. का ठेवत नाही? याचा विचार आपण कधी केला आहे का? उचल मुकादमाकडून घेतली जाते, ती बहुधा नवऱ्याच्या हातात पडते. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो, म्हणजे बाईच्या मजुरीला स्वतंत्र नावसुद्धा नाही. जमीन असली तर सातबाऱ्यावर नाव पुरुषाचे, आणि आपल्या वस्त्यांतून तर सातबाराच नाही. अशा घरात बाईच्या एकटीच्या मालकीची जी चीज असते ती म्हणजे कोंबडी. अंडी विकून आलेले पैसे तिच्या कनवटीला असतात. पोराची वही, स्वतःचे औषध, माहेरी जायचे एस.टी.चे भाडे त्यांतून निघते. ज्यांना एक गुंठा जमीन या व्यवस्थेने मिळू दिली नाही, त्यांनी अंगणातल्या चार हात जागेत उभी केलेली ही शेती आहे. आणि या शेतीचे बियाणे म्हणजे खुडूक कोंबडी.

आपल्या भाषेत 'खुडूक' हा शब्द हेटाळणीचा झाला आहे. काम न करता एका जागी बसून राहणाऱ्याला खुडूक म्हणतात. कोंबडी अंडी देण्याची थांबली, पाटीत जाऊन बसली, हात लावला तर पिसे फुलवून चोच मारू लागली, की घरातले म्हणतात, 'झाली खुडूक, गेली कामातून.' मग तिला पाण्यात बुडवतात, नाकात पीस खुपसतात, डालग्याखाली उपाशी कोंडतात, का तर तिने बसणे सोडावे आणि पुन्हा अंडी द्यावीत. पण ती रिकामी बसलेली नसते. तिच्या शरीरात प्रोलॅक्टिन नावाचे संप्रेरक वाढलेले असते, त्यामुळे अंडी देणे थांबते आणि उबवण्याची ओढ लागते. छातीखालची पिसे गळून कातडी उघडी पडते, म्हणजे अंगाची ऊब थेट अंड्याला लागावी. काही भागांत यालाच कोंबडी रवणीला बसणे म्हणतात. जिला आपण कामातून गेली म्हणतो, ती खरे तर तिच्या आयुष्यातल्या सर्वांत मोठ्या कामाला लागलेली असते.

हे काम किती नेटके आहे ते पाहा. अंड्यातून पिल्लू बाहेर पडायला एकवीस दिवस लागतात. यंत्रात हेच काम करायचे तर साडेसदतीस अंश सेल्सियसच्या आसपास तापमान अखंड राखावे लागते, पहिले अठरा दिवस हवेतला ओलावा पंचावन्न-साठ टक्के आणि शेवटचे तीन दिवस त्याहून जास्त ठेवावा लागतो, दिवसातून कित्येकदा अंडी फिरवावी लागतात. वीज गेली की जनरेटर हवा. आपली कोंबडी हे सारे पोटाखाली, चोचीने आणि पायाने करते. मधली अंडी कडेला, कडेची मध्ये, असे तिचे रात्रंदिवस चाललेले असते. दिवसातून एकदा पंधरा-वीस मिनिटे उठते, दाणे टिपते, पाणी पिते, विष्ठा टाकते, धुळीत अंग घोळते आणि परत येऊन बसते. तीन आठवड्यांत तिचे वजन घटते, तुरा फिका पडतो. शेवटच्या दिवसांत कवचाच्या आतून पिल्लू चिवचिवते आणि ती वरून हळू आवाजात त्याला उत्तर देते. पिल्लाच्या चोचीवर एक बारीक टोक असते, त्याने ते आतून कवच फोडते. बाहेरून कुणी फोडून दिले तर रक्तवाहिन्या तुटून पिल्लू मरते. आपले आपणच फोडावे लागते.

हे शास्त्र आपल्या आया-आज्यांना पुस्तक न वाचता ठाऊक होते. अंडे धुवायचे नाही, कारण धुतल्याने कवचावरचे संरक्षक आवरण जाते. बसवायची अंडी आठवड्याच्या आतली असावीत, फार मोठी, फार लहान, वेडीवाकडी नसावीत. गार जागी, ज्वारीच्या टोपल्यात, निमुळते टोक खाली करून ठेवावीत. गावरान कोंबडीखाली दहा-बारा अंडी पुरेत. हावेने अठरा ठेवली तर कडेची गार पडतात आणि आळीपाळीने सगळीच नासतात. खुडूक कोंबडीला आधी दोन दिवस एखाद्या खोट्या अंड्यावर बसवून पाहावे. टिकली तर रात्रीच्या अंधारात तिला पाटीत बसवून खाली खरी अंडी सारावीत. पाटीत तळाला थोडी माती, वर कोरडे गवत. उवा-पिसवा होऊ नयेत म्हणून कडेला राख. जागा अंधारी, शांत, उंदीर-मुंगसापासून सुरक्षित हवी. अंड्यांवर कोळशाने खूण करावी, म्हणजे दुसरी कोंबडी मध्येच येऊन अंडे घालून गेली तर ओळखून काढता येते. सातव्या रात्री अंधारात बॅटरीसमोर अंडे धरले की कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल रेषा दिसतात. जे अंडे निवळ दिसते त्यात जीव धरलेला नाही. ते काढून टाकावे. पिल्ले निघू लागली की घाई करू नये. पिल्लाच्या पोटात बलकाचा साठा असतो, त्यावर ते दोन दिवस सहज राहते. या साठ्यामुळेच मागून येणाऱ्या पिल्लांसाठी आई पाटीत थांबू शकते. मग कणी, बाजरीचा भरडा, आणि पिल्लू बुडू नये म्हणून खडे टाकलेली उथळ पाण्याची बशी.

या शहाणपणात भोंदूपणाही मिसळलेला आहे, तो निवडून फेकला पाहिजे. विजेच्या कडकडाटाने अंडी नासतात म्हणून कुणी पाटीत लोखंडी खिळा ठेवते, कुणी अमावास्येला कोंबडी बसवत नाही, कुठे विटाळशी बाईला पाटीजवळ फिरकू देत नाहीत. पावसाळ्यात अंडी नासतात ती ओल्या गवताने, कवचाला लागलेल्या घाणीने आणि कोंबडी वारंवार उठवल्याने. त्यात विजेचा किंवा बाईच्या पाळीचा काय संबंध? ज्या विटाळाने आपल्याला पाणवठ्यापासून दूर ठेवले, तो आपण आपल्याच घरात कोंबडीच्या पाटीपर्यंत आणून ठेवावा, ही शरमेची गोष्ट आहे. कोंबडी असला भेद जाणत नाही. तिच्याखाली दुसरीचे अंडे ठेवा, बदकाचे ठेवा, ती बसते. बदकाच्या अंड्याला अठ्ठावीस दिवस लागतात, तरी बसते. पिल्लू कुणाचे, हे ती विचारत नाही.

आता मोठ्या व्यवहाराकडे वळू. कोंबडीशिवाय अंडी उबवणे ही काही आजची युक्ती नाही. इजिप्तमध्ये मातीच्या भट्ट्यांतून पिल्ले काढण्याची कला हजारो वर्षांची आहे. उकिरड्याच्या उबेत अंडी उबवण्याच्या तिथल्या रीतीची नोंद अ‍ॅरिस्टॉटलनेही केली आहे. यंत्राशी आपले वैर नाही. वैर आहे ते यंत्र कुणाच्या हातात, या प्रश्नाशी. विसाव्या शतकात कोंबडीपालनाचा कारखाना झाला. कारखानदाराला खुडूक कोंबडी परवडत नाही, कारण ती बसते त्या दिवसांत अंडे देत नाही. म्हणून पिढ्यान्‌पिढ्या निवड करून खुडूक न बसणाऱ्या कोंबड्या तयार केल्या गेल्या. व्हाईट लेगहॉर्नच्या वंशातली आजची व्यापारी कोंबडी वर्षाला तीनशेच्या वर अंडी देते. आपली गावरान पन्नास-साठ देते. आकडा ऐकून डोळे दिपतात. पण त्या तीनशेवाल्या कोंबडीला आपले पिल्लू काढता येत नाही, ही गोष्ट आकड्याशेजारी कुणी लिहीत नाही. तिचे पिल्लू दर वेळी विकतच आणावे लागते. शेतकऱ्याच्या घरातले बियाणे गेले आणि पिशवीतले आले, तीच ही कथा. 1971 साली पुण्यात वेंकटेश्वरा हॅचरीज उभी राहिली. त्यानंतर या उद्योगाने देशाला स्वस्तात अंडे आणि चिकन दिले हे नाकारता येणार नाही. गरिबाच्या ताटात प्रथिने आली. पण अंडे आले तरी अंड्याचा धनी होण्याचा हक्क आला नाही. करार पद्धतीत पिल्लू कंपनीचे, खाद्य कंपनीचे, औषध कंपनीचे; शेतकऱ्याची शेड, वीज, पाणी आणि रात्रीचे जागरण. हातात पडतो तो पालनाचा मोबदला. गडी तोच, फक्त मालक बदलला.

याच कारखान्याची आणखी एक बाजू आहे. अंड्यांच्या जातीतले नर पिल्लू हॅचरीच्या हिशेबात निरुपयोगी ठरते, म्हणून जन्मल्या दिवशीच त्याला मारून टाकतात. जर्मनीने 2022 पासून कायद्याने हे बंद केले. आपल्या अंगणात मात्र नर पिल्लू कुणी मारत नाही. त्याचा कोंबडा होतो आणि जत्रेच्या हंगामात तोच सर्वांत जास्त पैसे आणतो. खुडूक कोंबडीच्या पाटीत जन्माने निरुपयोगी असा कुणी नसतो.

रोगाची गोष्ट घ्या. 18 फेब्रुवारी 2006 रोजी नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला बर्ड फ्लू जाहीर झाला. रोग सापडला तो हजारो पक्षी कोंबलेल्या पोल्ट्री शेडमध्ये, पण ठरलेल्या टापूतल्या आदिवासींच्या अंगणातल्या गावरान कोंबड्याही मारल्या गेल्या. जानेवारी 2021 मध्ये परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्यात तोच प्रसंग आला आणि आपल्या बीड जिल्ह्यातील मृत कावळ्यांतही तो विषाणू सापडला. साथ रोखायची तर पक्षी मारावे लागतात, हे शास्त्र आम्ही मान्य करतो. पण भरपाई देताना सरकार पक्षी मोजते. ज्या कोंबडीने तीन-चार वेळा पिल्ले काढून घर सावरले, तिची जागा एकदिवसीय विकतचे पिल्लू भरून काढत नाही. पोल्ट्रीवाला नवी खेप आणतो. अंगणवालीचा वंश खुंटतो.

सरकारी योजनाही याच वाटेने जातात. पुणे, छत्रपती संभाजीनगर, नागपूर, कोल्हापूर येथे शासनाची मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रे उभी राहिली. परसातील कुक्कुटपालनासाठी शंभर एकदिवसीय पिल्ले, किंवा पंचवीस तलंगा आणि तीन नर, असे गट पन्नास टक्के अनुदानावर देण्याची योजना निघाली. हेतू वाईट नाही. पण शंभर एकदिवसीय पिल्ले आईविना वाढवायची म्हणजे पहिले तीन-चार आठवडे कृत्रिम ऊब हवी. ज्या घरात विजेचा एक दिवा धड जळत नाही, तिथे ब्रूडर कसा चालणार? आणि वनराजासारख्या हैदराबादच्या संशोधन संस्थेने तयार केलेल्या सुधारित जातीत खुडूक बसण्याची सवय जवळजवळ नाहीच. ती परसात चांगली वाढते, अंडीही गावरानपेक्षा जास्त देते. पण पुढची पिढी? तिची अंडी उबवायला शेवटी शेजारणीची गावरान खुडूकच मागून आणावी लागते. जिला मागास ठरवले, तिच्याच पोटाखाली प्रगतीची अंडी ठेवावी लागतात!

आता मांजरसुंब्याच्या फाट्याकडे परत येऊ. कोंबडी रोज एक अंडे घालत बारा अंडी जमवते आणि मगच बसते, तरी सारी पिल्ले एका वेळी कशी निघतात? कारण गार हवेत अंड्यातला जीव झोपलेला असतो. ऊब मिळाली की सगळ्यांची वाढ एकदम सुरू होते. पण एप्रिल-मेमध्ये मराठवाड्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा कोंबडी बसण्याआधीच अंड्यात अर्धवट वाढ सुरू होते आणि ती बिघडतात. पावसाळ्यात ओल आणि रोगराई. म्हणून कोंबडी बसवण्याचा सर्वांत चांगला काळ म्हणजे दिवाळीपासून माघापर्यंतचा. आणि नेमक्या याच काळात बालाघाटावरचे घर बंद असते! घरधनीण कारखान्याच्या तळावर, उसाच्या पाचटाच्या कोपीत असते. डालग्यातली कोंबडी तिथे खुडूक बसलीच तर फड संपतो, टोळी हलते, पाटी उचलावी लागते, अंडी हिंदकळून गार पडतात. कोंबडीला एकवीस दिवस एक जागा लागते. बीड जिल्ह्यातल्या लाखो ऊसतोड कामगारांना ती जागा देण्याची या महाराष्ट्राची ऐपत नाही काय?

प्रश्न कोंबडीपुरता राहत नाही. खुडूक बसणे म्हणजे उत्पादनात खंड, म्हणून कारखानदाराने कोंबडीतून ती सवयच काढून टाकली. आणि बाईची पाळी, बाईचे बाळंतपण म्हणजे कामात खाडा. खाडा पडला की मजुरी कापली जाते. 2019 साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न देशभर गाजला. शासनाने नेमलेल्या डॉ. नीलम गोऱ्हे समितीच्या पाहणीत 82 हजारांहून अधिक महिलांपैकी 13 हजारांहून अधिक जणींच्या अशा शस्त्रक्रिया झाल्याचे पुढे आले. त्यामागे आजार, भीती, चुकीचा वैद्यकीय सल्ला अशी अनेक कारणे होती. पण त्या सगळ्यांच्या तळाशी एक सत्य होते. या व्यवस्थेला न थांबणारे शरीर हवे आहे, मग ते कोंबडीचे असो की बाईचे.

आणि म्हणून इतिहास आठवला पाहिजे. 1928 साली मुंबईच्या विधिमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभाचे विधेयक आले, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या काळात मातेला विश्रांती मिळणे देशाच्या हिताचे आहे, आणि तिच्या श्रमाचा लाभ घेणाऱ्या मालकानेही त्या खर्चाचा वाटा उचलला पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. पुढे 1961 चा कायदा आला, 2017 मध्ये रजा सव्वीस आठवड्यांची झाली. कचेरीतल्या बाईला ती मिळाली, मिळायलाच हवी. उसाच्या फडात मात्र ती पोचली नाही. तिथे बाई नवव्या महिन्यात मोळी उचलते आणि बाळंत झाल्यावर काही दिवसांत पुन्हा कोयता धरते. कोंबडीसुद्धा एकवीस दिवस कुणाला हात लावू देत नाही!

तेव्हा करायचे काय? पहिली गोष्ट आपल्या हातातली. गावरान खुडूक कोंबडी विकू नका, कापू नका, तिला पाण्यात बुडवू नका. गावात मागे राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांकडे निम्म्या वाट्याने कोंबड्या ठेवण्याची रीत पुन्हा सुरू करा; बारा अंड्यांतून समजा नऊ पिल्ले निघाली आणि सहा जगली, तरी तीन त्यांची, तीन तुमची. दोघांच्याही पदरी काही पडते आणि मागे राहिलेल्यांना हाताला काम राहते. पाच-सात दिवसांच्या पिल्लांना लासोटा लस द्या, कारण मानमोडी आली की अख्खी वस्ती एका आठवड्यात रिकामी होते. आपल्या महिला बचत गटांनी एकत्र येऊन पशुवैद्यकीय दवाखान्यातून लस आणावी. शंभर मात्रांची कुपी एका घराला जास्त होते, पण वस्तीला बरोबर पुरते.

दुसरी गोष्ट सरकारच्या हातातली. टोळ्या निघण्यापूर्वी, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, वस्त्या-तांड्यांवर लसीकरण करा. एकदिवसीय पिल्लांच्या खोक्याऐवजी ज्यांना हव्या त्यांना गावरान कोंबड्या आणि कोंबडा द्या. साथीत कोंबडी मारावी लागली तर वंश टिकवणाऱ्या कोंबडीची भरपाई त्याच मोलाने द्या. आणि कारखान्याच्या तळावर पक्का निवारा, पाणी, पाळीच्या दिवसांत पगारी सुट्टी आणि बाळंतिणीला रजा द्या. हे दान नव्हे, साखरेच्या पोत्यावर या बायांचे जे देणे आहे त्याची ही परतफेड आहे.

तथागतांनी भिक्खूंना कोंबडीचाच दृष्टान्त दिला आहे. तो संयुत्त निकायातही आहे आणि मज्झिम निकायातही. त्याचा सारांश असा की, आठ, दहा किंवा बारा अंडी असलेली कोंबडी त्यांच्यावर नीट बसलीच नाही, तर पिल्ले सुखरूप बाहेर पडावीत अशी तिने कितीही इच्छा केली तरी ती निघत नाहीत. आणि ती नीट बसली, तर इच्छा न करताही पिल्ले कवच फोडून बाहेर येतात. अडीच हजार वर्षांपूर्वी हे सांगणाऱ्याने कोंबडीच्या पाटीजवळ बसून नक्कीच पाहिले असणार.

ऊसतोड कामगारांच्या नावाने आजवर घोषणांचा पाऊस पडला. प्रत्येक निवडणुकीत अंडी मोजली जातात आणि पिल्लांची स्वप्ने दाखवली जातात. पण घोषणा करणारा अंड्यावर बसत नाही. बसते ती आमची आई, आमची बहीण, आमची खुडूक म्हणून हिणवलेली माणसे. तीच एकवीस दिवस उपाशीतापाशी ऊब धरून राहतात. आता आतून चोच लागली आहे. कवच बाहेरून कुणी फोडून देणार नाही, आणि देऊही नये. कोंबडे झाकून ठेवले म्हणून उजाडायचे थोडेच राहते?